विसरलेला कुत्रा, ओळख पटवून न्यावा

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा, चहा अंगावर सांडेल. गाढवपणा सगळेच करतात हो, पण मी तो पाटी लावून केला!

नौपाड्यात माझं दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान. तीस वर्षं एकच शिरस्ता: दुपारी एकला शटर खाली, घरी जेवण, चारला परत. गेल्या वर्षी बायको गेली. महिनाभरानं मनात आलं, रिकाम्या घरी धावत जायचं कुणासाठी? त्या दिवशी पहिल्यांदाच डबा दुकानात आणला आणि शटर उघडं ठेवलं.

एकच्या सुमारास एक बाई ताडपत्री घेऊन रिक्षात बसून गेल्या. बघतो तर पायरीवर कुत्रा! गळ्यात चकचकीत पट्टा. बाई विसरल्या की! आता गिऱ्हाईक छत्री विसरलं तर दुकानदार काय करतो? जपून ठेवतो. माझ्याकडे एकदा कवळी राहिलेली, तीसुद्धा मी परत केली.

तेव्हा कुत्रा बांधला. पण नियमानं हं! समोरच्या सोसायटीनं फलकच लावलाय: उघड्यावर कुत्रा बांधायचा तर सावलीत, जवळ पाणी, दोर ऐसपैस, गळा आवळणारी गाठ नको, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. दोराचं मला कोण शिकवणार? मऊ सुती दोर घेतला, चांगला दहा फूट. वर ताडपत्रीचा मांडव. बाहेर पाटी: 'विसरलेला कुत्रा. ओळख पटवून न्यावा.'

एकटं सोडायचं नाही, म्हणून स्टूल टाकून शेजारी बसलो. अर्धी पोळी त्याला, अर्धी मला. खोटं कशाला सांगू, महिनाभरात बोललो नव्हतो एवढं त्या कुत्र्याशी बोललो. हिचं आजारपण, हिच्या हातची आमटी, सगळं. तो ऐकत होता. वाटलं, बाई उद्या आल्या तरी चालेल!

पाचला इस्त्रीवाला आला. "शेठ, आमच्या शेरूला का बांधलंय?"

मागोमाग शिकवणी घेणाऱ्या बाई. "अगं बाई, मोती! दुधाला आला नाहीस, किती शोधलं तुला!"

तेवढ्यात एक रिक्षावाला. "अरे टायगर, तू इधर?"

एक कुत्रा, मालक तीन? मी दोर घट्ट धरला. "माझ्याकडे लबाडी चालायची नाही. ज्याचा असेल त्याच्याकडे तो आपण होऊन जाईल!"

तो तिघांकडेही जाऊन आला. दहा फूट दोर मीच दिलेला ना!

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, गल्लीचा आहे तो. गाडीवाल्यांना दिसावा म्हणून पट्टा घातलाय आम्ही. चार वर्षं तुमच्याच पायरीवर झोपतो की दुपारचा, तुम्ही शटर पाडून गेलात की!"

मी गाठ सोडायला घेतली. एरवी डोळे मिटून सुटते, त्या दिवशी वेळ लागला.

बाईंनी मोबाइल काढला. "ग्रुपवर टाकते, सगळे काळजीत आहेत. कुणाकडे सापडला लिहू? काका, नाव काय हो तुमचं?"

त्यांनी इस्त्रीवाल्याकडे बघितलं, त्यानं रिक्षावाल्याकडे. कुत्र्याची तीन-तीन नावं पाठ, माझं एक कुणाला येईना!

मी तोंड उघडेपर्यंत बाईंनी पाठवलंसुद्धा: 'मोती सापडला. दोरीवाल्यानं बांधलेला.'

मी नाव सांगितलंच, जरा मोठ्यानं. पण तोवर मोती दुधाला निघाला होता, आणि तिघंही त्याच्या मागे.