घड्याळवालीची बाग

गेल्या आठवड्यात मी बायकोचं वांग्याचं झाड तण समजून उपटलं. अठ्ठावीस वर्षं राहुरीजवळ रोपांची नर्सरी चालवलेला माणूस मी. चष्मा कपाळावर ठेवून परसात वाकलो आणि हाताला लागलं ते ओढलं. झाडाला दोन वांगी लटकत होती, तीही दिसली नाहीत. बायको काही बोलायच्या आत माझी नजर मुळांवर गेली आणि मी तिथंच मातीत बसलो. मुळांना गाठी होत्या. माळेतल्या मण्यांसारख्या, एकापुढं एक.

त्या गाठींचं मला काही सांगायचं आहे. अकरा वर्षांत हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. लग्न असो, बारसं असो, आमच्यात गोष्टी सांगायला मलाच पुढं बसवतात — आणि एवढं बोलून ही एक गोष्ट मी कधी खरी सांगितली नाही. खोटी मात्र सांगत आलो. रंगवून.

आधी गाठ म्हणजे काय ते सांगतो. (टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) मुळाच्या टोकाशी पेशी सतत वाढतात, पण शिस्तीत. पेशी आधी मोठी होते, मग आतल्या ऐवजाची दुसरी प्रत काढते, प्रत नीट निघाली का ते तपासते, आणि मगच मधे भिंत घालून एकीच्या दोन होतात. पायरीपायरीला थांबायचं, बघायचं, मग पुढं. सूत्रकृमी नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा मुळात शिरतो आणि ही शिस्तच मोडतो. त्याच्या लाळेनं पेशीचं केंद्रक दुभंगत राहतं — दोन, चार, आठ — पण भिंत काही पडत नाही. पेशी नुसती फुगते. किडा तिथंच बसून खातो. शेजारच्या पेशीही वेळ नसताना वाढायला लागतात, आणि मुळाला गाठ येते. मग पाणी वर चढत नाही. बुडाशी ओल असूनही झाड दुपारी मान टाकतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाणी जास्त झालं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

विलास माझा धाकटा भाऊ, पारनेरकडं असतो. मला तो आवडत नाही. तेव्हाही आवडत नव्हता, आजही नाही — हे लिहिताना तरी गोड कशाला बोलू? माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर तो म्हणाला, "आमच्या दादाला पिशवीतलं झाड कळतं, रानातलं न्हाई." मांडव हसला. मीही हसलो. गोष्टी सांगणाऱ्यानं हसायलाच हवं, नाही का? महिन्याभरात त्यानंच टेम्पो पाठवला. डाळिंबाची रोपं पाहिजेत, घरचंच हाय, चांगली निवडून ठेव.

रोपं चढवताना एक पिशवी फाटली. गाठी दिसल्या. दुसरी मी मुद्दाम फाडून पाहिली — तिच्यातही. तिथं थांबायचं होतं. पेशीला कळतं ते मला कळत नव्हतं? मी फाटलेल्या जागी अंगठ्यानं माती दाबली, वरून सुतळी गुंडाळली आणि पिशवी टेम्पोत ठेवली. बाकीच्याही चढवल्या. रागानं? हो. मला बरं वाटत होतं.

इथवर वैर विलासशी होतं. पुढचं जास्त वाईट आहे.

तिसऱ्या वर्षी बाग पिवळी पडली. विलास सुप्याला कंपनीत ड्युटीवर, त्यामुळं ठिबकचं पाणी त्याची बायको बघायची — सुमन. त्यानं मला झाडं बघायला बोलावलं. बांधावर चार शेजारी उभे. माझ्या हातात खुरपं होतं. एक मूळ उकरलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. मी मूठभर चिखल उचलला, दाबून पाहिला आणि म्हणालो, "पाणी जास्त झालंय."

विलासनं सुमनकडं बघितलं. "कॉक कोन बंद करतं?"

"मीच करते. घड्याळ लावून करते, दादा," ती म्हणाली. त्याला नाही, मला. मी जाणकार ना.

"घड्याळ तुला कळतं गं. झाडाला कुठं कळतं?"

सगळे हसले. विलास सगळ्यात जास्त. माझं मलाही कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? जाताना मीच बजावलं, झाडं काढून लगेच पेटवा, रोग पसरायला नको. कुणी मुळं बघू नयेत म्हणून.

त्या दिवसापासून सुमनचं नाव घड्याळवाली. विलास तिला चारचौघांत तशीच हाक मारतो. नव्या सुनांना तिची ओळख त्याच नावानं होते. आणि मी? प्रत्येक लग्नात मीच तो प्रसंग सांगितला — मनगट डोळ्यांपाशी धरून, तिची नक्कल करत. ती पंगतीत वाढत असायची. तिनं त्यानंतर रानातल्या पाण्याला हात लावला नाही. मनगटावरचं घड्याळही काढलं ते काढलंच.

वांगं उपटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सांगायला म्हणून पारनेरला गेलो. तिनं विचारलं, "दादा, शुगर वाढली म्हनं तुमची. बिनसाखरंचा करू का चहा?" मी दोन कप चहा पिऊन परत आलो.

मग काल बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"सकाळीच फोन आलता तिचा," ती म्हणाली. "काय गं घड्याळवाली, म्हनले मी तिला. हसली ती."