चोक आणि चरका

गेल्या आठवड्यात चोपड्याकडे थंडीची लाट आली, आणि त्यातल्याच एका पहाटे आमचा ट्रॅक्टर सुरू होईना.

ट्रॅक्टर जुना, पेट्रोलवर चालणारा. आजोबांनी घेतलेला. आता त्याला एकच काम उरलंय... वीज नसली की पट्टा लावून विहिरीचा पंप चालवायचा.

त्या पहाटे वीज नव्हती. केळी निसवत होती, घड नुकते बाहेर पडत होते. अशात थंडीचा चरका बसला तर पानं करपतात, घड अर्ध्यावर अडकतो. विहिरीचं पाणी कोमट असतं. ते उजाडायच्या आत बागेत फिरलं तर झाडं तगतात.

हे सगळं दरवर्षी नाना करतात, माझे वडील. नाना धुळ्याला दवाखान्यात होते, छातीत पाणी झालेलं. मी उन्हाळ्यात हा ट्रॅक्टर कितीदा तरी चालू केलाय. थंडीत कधीच नाही.

बॅटरी बसलेली. हँडल मारून मारून खांदा भरून आला. आई मोबाईलचा उजेड धरून उभी होती. प्लग काढला... कोरडा. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं.

आक्काला फोन लावला. माझी मोठी बहीण, ती नानांजवळ होती. तिनं फोन त्यांच्या तोंडाशी धरला. मास्कमधून नुसती घरघर, आणि त्यात एकच शब्द कळला... ‘चोक.’ मग आक्काच म्हणाली, “बस, आता नको. त्यांना दम लागतोय.”

चोक. मला वाटलं, चोक झालंय, कचरा अडकलाय. प्लग कोरडा होताच. सगळं जुळत होतं.

मी कार्बोरेटर खोलला. बोटं बधिर झालेली, एक स्क्रू मातीत पडला, तो शोधण्यात वेळ गेला. जेट, पेट्रोल जायचं बारीक भोक, काढून फुंकला. स्वच्छ होता. आई म्हणाली, “आरे, उजाडी ऱ्हायनं...” मी तिच्यावर ओरडलो.

सगळं परत जोडलं. हँडल मारलं. काही नाही.

तेवढ्यात फोन वाजला, नानांनीच आक्काला लावायला सांगितलं होतं. मी म्हटलं, खोलून साफ केलंय. या वेळी मास्क काढून बोलत असावेत.

“तुले खोलाले कोनी सांगं? चोक वढ ना! वढ!”

डॅशबोर्डच्या खाली चोकची एक दांडी आहे, गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी. उन्हाळ्यात तिला हात लावावा लागत नाही. ती ओढली... तिसऱ्या झटक्याला इंजिन धरलं. आई फावडं उचलून पाटाकडे गेली.

तोवर पूर्वेला पांढरं झालं होतं. पाणी वरच्या अंगाला पोचलं. खालचा सखल भाग, जिथे गारठा साचतो, तिथे पोचेपर्यंत ऊन आलं होतं. दुपारी तिथली पानं उकडल्यासारखी लोंबत होती. आईनं एक पान हातात घेतलं, चुरगाळलं आणि टाकून दिलं.

संध्याकाळी नानांचा फोन.

“बाग?”

“शे, नाना.”

“बठ्ठी?” सगळी आहे ना, असं.

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “बठ्ठी.”

नाना हळूच म्हणाले, “पट्टा काढी ठेव. दव पडस.”

आक्का सांगते, त्या रात्री ते कितीतरी दिवसांनी सलग झोपले. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली, त्या सगळ्यांचे आभार.

सोमवारी त्यांना घरी आणायचंय. गावात शिरणारा रस्ता बागेच्या खालच्या अंगानं येतो... दुसरा रस्ता नाही.