वजाबाईंचा सापळा

शाळेत त्यांना वजाबाई म्हणत. गणित शिकवायच्या, आणि उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली म्हणून मार्क वजा करायच्या. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते थोडंसं आवडतही होतं. बोर्डाच्या परीक्षेला बसणारा, शाळेतला शेवटचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होता. निवृत्ती जवळ आली होती, आणि त्यांची इच्छा एकच होती. जायचं ते हा वर्ग हातात असताना.

म्हणून नव्या मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, नवी टूम काढली तेव्हा वजाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. प्रत्येक वर्गातल्या एका मुलाने किंवा मुलीने आठवडाभर मागच्या बाकावर बसून शिकवणं कसं चाललंय ते पाहायचं आणि तास संपल्यावर शिक्षकांशी बोलायचं. शिकवणं सुधारायचं तर मुलांना भागीदार करून घ्यायला हवं, असं मोठ्या बाई म्हणाल्या.

"भागीदार!" घरी आल्यावर वजाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "दुकान काढलंय का शाळेत?"

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलेलंच ठेवून तो म्हणाला, "अगं, मुलं सांगतील काहीतरी. ऐकायचं आणि सोडून द्यायचं."

"मला नाही सांगणार हो, मोठ्या बाईंना सांगतील. कुठेतरी पाणी मुरतंय. माझा वर्ग त्या पडदासरांना द्यायचा घाट आहे."

पडदासर म्हणजे तरुण शिक्षक. खडूला हात न लावता पांढऱ्या पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचे.

"परवा मी टीचर्सरूममध्ये गेले तर सगळे गप्प झाले," वजाबाई म्हणाल्या.

"खात असतील काहीतरी."

"तुम्हाला सगळं भोळंभाबडंच दिसतं."

"माझ्या डोळ्याला भिंग आहे," नवरा म्हणाला, "तरी तुझ्याइतकं बारीक दिसत नाही बघ मला."

वजाबाईंच्या वाट्याला आली शिंप्याची मुलगी. गणितात काठावर पास होणारी, मान खाली घालून बसणारी. हुशार मुलं सोडून हिलाच का निवडलं? वजाबाईंनी दोन दिवस विचार केला, आणि उत्तर सापडलं. जिला काही समजत नाही तीच म्हणणार ना, की बाईंचं समजत नाही! तिसऱ्या दिवशी व्हरांड्यात मोठ्या बाईंनी त्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवलेला त्यांनी पाहिला, आणि संशय पक्काच झाला. मुलगी रोज तासानंतर यायची, "छान होतं बाई," एवढंच म्हणायची आणि पळायची. ताकास तूर लागू देत नाही, वजाबाईंना वाटलं.

तेव्हा त्यांनी सापळा लावायचं ठरवलं.

फळ्यावर एक लांबलचक उदाहरण घेतलं. मध्येच कंस होता आणि कंसाबाहेर वजा. कंस सोडवताना आतली चिन्हं बदलतात हे त्यांनी आयुष्यभर घोकून घेतलेलं. आज त्यांनी मुद्दाम एक चिन्ह बदललं नाही. ही चूक मोठ्या बाईंच्या तोंडून ऐकू आली, की चुगली कोण करतं ते सिद्ध होणार होतं. तोंड फळ्याकडे, कान वर्गाकडे ठेवून त्या शेवटच्या ओळीपर्यंत आल्या. उत्तर आलं उणे दोन.

"समजलं ना?"

"हो ऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

वजाबाई चपापल्या. पुढच्या बाकांवरची हुशार मंडळी शांतपणे लिहून घेत होती. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा हळू, "नीट समजलं ना?"

"हो ऽऽ!"

तास संपल्यावर शिंप्याची मुलगी आली. ती "छान होतं" म्हणायच्या आत वजाबाईंनी तिला हाताने थांबवलं.

"उत्तर किती आलं गं?"

"उणे दोन."

"पुस्तकात मागे किती दिलंय?"

"सहा."

"मग?"

मुलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला वाटलं, पुस्तक चुकलं असेल."

"आणि बाकीच्यांना?"

"शेजारचीलाही तसंच वाटलं. पुढच्यांना कळलं असेल बहुतेक, ते एकमेकांकडे बघत होते."

"मग कुणी बोललं का नाही? मी दोनदा विचारलं!"

"बाई, तुम्ही 'समजलं ना' विचारलंत."

"मग?"

"'ना' म्हटलं की 'हो'च म्हणायचं असतं ना." मग आपण काय बोललो ते कळून ती घाबरली. "म्हणजे, 'जेवलीस ना' विचारलं की आपण 'हो' म्हणतो, तसं. मी पहिल्या दिवसापासून सांगणार होते. धीर नाही झाला."

"आणि मोठ्या बाईंना सांगायला झाला?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. "मोठ्या बाई? त्या तर बाबांकडे टाकलेला ब्लाउज झाला का विचारत होत्या."

वजाबाईंचा विश्वास बसला नाही, निम्मासुद्धा नाही. ब्लाउज हे निमित्त असू शकतं. पण रात्रभर दुसरंच डोक्यात घोळत राहिलं. इतक्या वर्षांच्या त्या एका सुरातल्या 'हो'मध्ये किती जणांना खरंच समजलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्या फळ्याकडे वळणार तोच दारात मोठ्या बाई उभ्या. फेरीवर निघालेल्या. नेमक्या आजच! वजाबाईंनी मागच्या बाकाकडे रोखून पाहिलं. मुलगी त्यांच्यासारखीच दचकलेली होती. आज गप्प बसता आलं असतं. "तुमची परीक्षा घ्यायला काल मुद्दाम चुकले," असंही म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मग चूक वर्गाची झाली असती.

"काल फळ्यावर एक चूक झाली," त्या म्हणाल्या. "माझी."

"तुमची, बाई?" दारातून मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझीच. कंसात." त्या वर्गाकडे वळल्या. सवयीने तोंडात 'समजलं' आलं, ते त्यांनी गिळलं. "कुठे अडलं ते सांगा. जो सांगेल त्याचा मार्क वजा होणार नाही."

कुणी हसलं नाही. मग एक हात वर झाला, मग दुसरा. "बाई, तो कंस राहू दे," तिसरा म्हणाला, "मला त्याच्या आधीचंच कळलं नव्हतं." त्या नादात मोठ्या बाई कधी गेल्या, ते वजाबाईंना दिसलं नाही.

दुपारी बोलावणं आलं. वजाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, उठायच्या तयारीने.

"पुढच्या वर्षीही परीक्षेचा वर्ग तुमच्याकडेच राहू दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि पडदासर तुमच्या तासाला मागे बसू का म्हणून विचारतायत. शिकायला."

संध्याकाळी वजाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने भिंग काढून ठेवलं. "झालं ना मग मनासारखं?"

वजाबाई "हो" म्हणणार होत्या, तेवढ्यात थांबल्या.

"वर्ग राहिला ते झालं. पण शिकायला म्हणजे नक्की काय शिकायला, ते उद्या पडदासरांनाच विचारते."