खंडेनवमीची सनई

आमच्या चाकणच्या वर्कशॉपमध्ये उद्धवराव तपासणीला बसतात. हा माणूस हातात मोजमापाचं व्हर्नियर घेऊनच जन्माला आला असावा. गिअर सोडा, कँटीनचा वडा लहान वाटला तरी त्याला व्हर्नियर लावतात आणि कँटीनवाल्याला माप सुनावतात. जरा फरक दिसला की माल परत. मी लेथवर असतो, त्यामुळे त्यांनी माझं किती रक्त आटवलंय ते मलाच ठाऊक. तरी माणूस मला आवडतो, कारण तो पेटी वाजवतो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. मशीनं पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात आणि झाडलोट सांभाळणाऱ्या इंदुताई आरतीचं ताट घेऊन एकेका मशीनपुढे थांबतात. ताट शेवटच्या मशीनपर्यंत जाईतो उद्धवराव पेटीवर आरती लांबवत राहायचे. गेल्या वर्षी उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला आणि आरती मोबाइलवर लावावी लागली. मोबाइल कुणासाठी थांबतो होय? ताट अर्ध्या वाटेत असतानाच आरती संपली, लोक पेढ्यांकडे वळले आणि कोपऱ्यात ड्रिल चालवणाऱ्या सरूबाईंचं मशीन आरतीविना तसंच राहिलं. सरूबाईंनी आपल्याच हाताने मशीनला कुंकू लावलं आणि कामाला लागल्या. उद्धवरावांना ते फार लागलं.

"औंदा सरूबाईच्या मशीनला आरती भेटलीच पाहिजे, राव," ते मला म्हणाले होते.

म्हणून यंदा त्यांनी मुलीकडून, दिव्याकडून, लॅपटॉपमध्ये वाद्यांचं सॉफ्टवेअर घालून घेतलं. छोटा कीबोर्ड जोडला की त्यातून पेटी, सनई, तुतारी, हवं ते वाजतं. अडचण एकच, वाद्य निवडायचे आयकॉन मोहरीएवढे. चष्मा लावूनही उद्धवरावांचा नेम चुकायचा आणि मोशीतल्या त्यांच्या फ्लॅटमधून गाढव ओरडल्यासारखे आवाज यायचे. शेवटी दिव्याने आयकॉन मोठे करायची जागा दाखवली. मग काय, उद्धवरावांनी जुन्या पेटीची सूर उघडायची खुंटी मोजली आणि स्क्रीनला व्हर्नियर लावून आयकॉन नेमके तेवढे केले. दिव्याची हसून हसून मुरकुंडी वळली.

पूजेच्या दिवशी मालकांनी, जयदीपशेठनी, हौसेने लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडला. तिथेच घोळ झाला. टीव्हीच्या मापाने आयकॉन भाकरीएवढे फुगले. समोर एकटी सनई उरली आणि पेटी स्क्रीनच्या बाहेर गेली. आयकॉन लहान करायची जागाही तिच्याबरोबर गेली. वायर काढून पुन्हा लावली तरी फुगलेले ते फुगलेलेच. दिव्या फोन उचलेना. शेठ म्हणाले, मोबाइलवर लावून टाकू, पेढे खोळंबलेत.

उद्धवरावांनी सवयीने व्हर्नियर काढून टीव्हीला लावलं. आयकॉन त्यात मावेना. केसाएवढा फरक कधी चालवून न घेतलेला हा माणूस आता काय करणार, याची मलाच काळजी लागली. त्यांनी एकदा कोपऱ्यातल्या ड्रिलकडे पाहिलं आणि व्हर्नियर खिशात घातलं.

"मोबाइल ऱ्हाऊ द्या, शेठ. आज आरती सनईवर."

सुरुवातीला हसू आवरेना. पूजेला आलोय की वऱ्हाडात, तेच कळेना. मग आम्ही टाळ्यांचा ठेका धरला. इंदुताईंनी मुळीच घाई केली नाही. ताट पुढे सरकत राहिलं, आणि उद्धवराव शेवटचं कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. ताट ड्रिलपुढे आलं तेव्हा सरूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

"उद्धवराव, माझ्या मशीनचं तुमी लगीनच लावलं की," त्या म्हणाल्या.

त्यांनीच पहिला पेढा उद्धवरावांच्या हातावर ठेवला. पेढा चांगलाच बारका होता. उद्धवरावांनी तो न मोजता खाल्ला.