पेटू दे त्यांची चूल

जग बुडाल्यानंतरची ती मालिका मी मोठ्या आशेने लावली होती. पहिल्या भागात शहरं कोसळली, तेव्हा हातातली चिवड्याची वाटी विसरून बघत राहिलो. चौथ्या भागात मात्र उरलेली माणसं नुसती दगड गोळा करून चूल मांडत बसली.

"काही घडतच नाही! दोन भाग झाले, एक माणूस मेला नाही," मी वैतागलो आणि पुढे पळवायला रिमोट उचलला.

शेजारी आई मेथी निवडत होती. "राहू दे रे. पेटू दे त्यांची चूल," ती म्हणाली.

मालिकेची भाषा तिला कळत नव्हती. पडद्यावरची बाई ओल्या लाकडांवर फुंकर घालत होती आणि इकडे आईचेही ओठ नकळत गोल झाले होते.

"भूकंपानंतर आपली पहिली चूल पेटली ना, तेव्हा आम्ही बाया रडलो. तोवर कुणाला रडूच फुटत नव्हतं. पहिली भाकरी मोडून चुलीलाच घातली."

मी तेव्हा सहा महिन्यांचा होतो. हे तिने आज पहिल्यांदा सांगितलं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. लहानपणापासून मी तिला एवढंच विचारत आलो होतो, की आपल्या गावात माणसं किती गेली.