कुलपांचं गाव

मला वाटलं होतं, आठ माणसं माझ्यामागून टेकड्या चढतील, द्राक्षबागांतून फिरतील, जुनी बारव आणि गढी बघून हरखतील, आणि संध्याकाळी म्हणतील, "मराठवाड्यात एवढं आहे, आम्हाला माहीतच नव्हतं." झालं काय, तर दुपारी आठही जण द्राक्षांच्या मांडवाखाली आडवे होते आणि नववी मी. कसं ते सांगते. हसा, पण माझ्या मावशीइतकं नको. ती अजून थांबलेली नाही.

मी हिमायतनगरची. पाचवीपासून डेहराडूनच्या वसतिगृहात, पुढचं शिक्षण थेट इटलीत. तिकडे द्राक्षांच्या टेकड्यांतून, जुन्या गावांतून गोल फिरून परत यायच्या पायवाटा असतात. मी म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहे? चाकूरला मावशीकडे मुक्काम ठोकला, वाट आखली आणि पहिल्या फेरीला आठ गिऱ्हाइकं मिळवली. बाबा म्हणाले, "एकदा करून बघ. जमलं तर जमलं, न्हाई तर हैदराबादची नोकरी धर."

म्हणजे पहिली फेरी फसली की मी हैदराबादला.

दिवस निवडला डिसेंबरातला, कारण त्या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी होती. सुट्टी म्हणजे सगळे घरी भेटणार, हो की नाही? मावशीला सांगितलं तर तिचं लाटणं थांबलं. "त्या दिवशी? बरं. जा की." आणि तोंडाला पदर लावला. शहाण्या माणसाला तिथंच संशय आला असता. मी मात्र आठही जणांना निरोप धाडला : घरून पोटभर खाऊन या, वाटेत काहीही मिळणार नाही.

सकाळी पहिल्या गावात शिरलो. दगडी वेस, हेमाडपंती देऊळ, बारव, सगळं जागेवर. माणूस मात्र एक नाही. दाराला कुलूप, शेजारच्या दाराला कुलूप, दुकानाला कुलूप. पारावर एक कुत्रं, तेही झोपलेलं.

मी बारवेच्या पायरीवर उभी राहिले आणि बोलत सुटले. स्थलांतर, शहरांची भूक, ओस पडलेली घरं. "हे गाव आता फक्त कुलपांचं उरलंय," असं मी म्हणाले तेव्हा पुण्याच्या एका ताईंनी डोळे पुसले. नांदेडच्या काकूंनी सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

जड पावलांनी टेकडीला वळसा घातला आणि समोर अख्खं गाव.

उतारावर द्राक्षबागा, मधूनमधून ज्वारीची रानं. प्रत्येक रानात कडब्याची खोपटासारखी छोटी कोप, झाडाला झोका, खाली पंगत. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बांधावर आले. शिवलिंगअप्पा.

"ओ ताई, सरळ कुठं निघालात? या जेवायला."

"नको आजोबा, आम्ही घरून खाऊन आलोय."

अप्पांनी बायकोकडं पाहिलं. "ऐकलीस का? येळवशीला घरून खाऊन आल्यात."

"येळवस म्हणजे काय?" मी विचारलं.

झोका थांबला.

"कुठली गं पोरी तू?" आजी म्हणाल्या. "आज येळाअमावस्या. आज घरात कोण बसतंय? रानात लक्ष्मी पुजायची, वाटेनं जाईल त्याला जेवू घालायचं. तुम्ही उपाशी गेलात तर रान वरीसभर रुसतंय. बसा."

बसलो. पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, वर मडक्यातली ताकाची गार आंबील. उठतोय तोवर पलीकडच्या बांधावरून हाक आली. ते अप्पांचे धाकटे भाऊ. दोघांचं बोलणं बंद. "त्यांच्यात जेवलात, आमच्यात का न्हाई? आमची लक्ष्मी सावत्र हाय का?"

तिथं जेवलो. मग त्यांच्या व्याह्यांकडं जेवलो. वाट गोल होती खरी, पण पुढं सरकेचना. चौथ्या रानात पुण्याच्या ताईंनी बुटाच्या नाड्या सोडल्या आणि मांडवाखाली अंग टाकलं. मग एकेक करून सगळेच.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमची विचारपूस करायला आलेल्या अप्पा-आजींना नांदेडच्या काकूंनी कौतुकानं मोबाइल दाखवला. भर रानात माझा दाटलेला आवाज घुमला : "हे गाव आता फक्त कुलपांचं उरलंय..."

"कोणतं गाव म्हणायली ही?" अप्पांनी विचारलं.

"तुमचंच," मी म्हणाले.

अप्पा बांधावर चढले आणि हात तोंडाशी नेऊन, ज्याच्याशी बोलत नव्हते त्या भावालाच त्यांनी हाक दिली, "ये लवकर, आपलं गाव संपलंय म्हणं!"

भाऊ आला, भावकी आली. माझं भाषण तीनदा लागलं. या वेळी डोळे सगळ्यांनीच पुसले, हसून. आजींनी माझ्या पुढ्यात आणखी एक उंडा ठेवला. "संपलंय तर संपलंय. जेवून तरी घे."

संध्याकाळी अप्पांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चाकूरला पोचवलं. चालायला कोणाला येत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. "झाली का फेरी पुरी?"

"निम्मीपण नाही."

"मग हैदराबादला कळवू का?"

तेवढ्यात नांदेडच्या काकूंचा निरोप आला. पुढच्या येळवशीला त्यांची सून, जावई आणि विहीणबाई यायचं म्हणत होते. शेवटी लिहिलं होतं, "भाषण ठेवा. लोकांनी विचारलंय."

"नको कळवू," मी बाबांना सांगितलं. मी इथंच राहणार, आणि पुढच्या वर्षी फेरी त्याच दिवशी काढणार. फोन ठेवला आणि लगेच मोठ्यानं वाचत आठही जणांना नवी सूचना धाडली : पुढच्या वर्षी, कालचीच तारीख. उपाशी या. भाषण होणार नाही.

उत्तर सगळ्यात आधी मावशीचं आलं, स्वयंपाकघरातून. "पण पुढल्या वर्षी अमावस्या कोणत्या तारखेला हाय, ते बघितलंस का?"