बसमधला डबा आणि मालकांची आई

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे लिहायला बसलो की दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण ही हकीकत बाबा सांगतात तेव्हा स्वतःच इतके हसतात की शेवट कुणाला ऐकूच येत नाही. म्हणून मी लिहितो.

इंदूरची कापड मिल बंद झाल्यावर बाबा बस चालवायला लागले. पीथमपूरच्या कारखान्यात कामगार नेणारी बस. आत बसणारे बरेचसे आमच्याच मिलचे. बसचे मालक मराठी, राहायला राजेंद्र नगरला. नव्या बसमध्ये त्यांनी इंजिनाशेजारी एक कुलूपबंद डबा बसवून घेतला. गाडी कधी किती वेगाने गेली, कधी थांबली, हे सगळं तो टिपायचा आणि दर शनिवारी ऑफिसात त्याची छापील पट्टी निघायची.

एका शनिवारी मालकांनी बाबांना बोलावलं. मी बी.एस्सी.ला कॉम्प्युटर विषय घेतला होता, म्हणून बाबांनी मलाही सोबत नेलं.

"गाडी रोज सकाळी त्याच वेळी थांबते," मालक म्हणाले. "बसमधल्यांना विचारलं तर एक म्हणतो फाटक लागतं, दुसरा म्हणतो म्हैस आडवी येते. रोज? घड्याळ लावून? डिझेल काढता तुम्ही. सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर बघतो."

"साहेब, जरा पट्टी बघू द्या."

"का म्हणून? गाडी माझी, डबा माझा, पट्टी माझी."

"मिलमध्ये कापड विणायच्या साच्याला मीटर असायचं. पाळी सुटताना बाबू आकडा उतरवायचा, पण आधी आम्हाला दाखवून. साचा काय आमचा होता? चालवला आम्ही होता."

"ही मिल नाही."

"ते तर दिसतंच आहे. ऑफिस उघडं आहे."

मालक हसले नाहीत. मला आलेलं हसू मी खोकल्यात लपवलं आणि खाली वाकताना टेबलावरची पट्टी दिसली. वेळ होती, वेग होता, बाकी कोरं.

"सर," मी चाचरत म्हणालो, "यात... गाडी कुठे थांबली, ते येत नाही."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परीक्षेत पहिला आलो असतो तरी तसं पाहिलं नसतं.

"मग असं करू साहेब. वेळ तुमच्याकडे, जागा माझ्याकडे. तुम्ही ती दाखवा, मी ही सांगतो."

जागा मला ठाऊक होती. जुन्या इंदुरात, मालकांच्या आईच्या दारासमोर! काकू एकट्या राहायच्या. मुलगा रविवारी यायचा आणि चहा निवायच्या आत उठायचा. बस दिसली की काकू हात करायच्या, खिडकीतून पोह्यांच्या पुड्या द्यायच्या आणि चौकशी सुरू. "ओरडतो का रे तुमच्यावर? पगार वेळेवर देतो? गुटखा सुटला का त्याचा?" सगळी बस खरं तेच सांगायची. त्याला मात्र कळू द्यायचं नाही, एवढी त्यांची अट. बोलावणं आल्याचं बाबांनी त्यांच्या कानावर घातलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नोकरीवर आलं तर सांगून टाक. पण फुकट सांगू नकोस."

मालकांनी शेवटी पट्टी सरकवली. बाबांनी बोट ठेवून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग जागा सांगितली.

 मालक एकदम म्हणाले, "म्हणजे गुटख्याचं तिला... अजून काय काय सांगता तुम्ही?"

"साहेब, ती पट्टी आमची," बाबा म्हणाले.

मालक हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सोमवारी बाबा नेहमीच्या वेळी निघाले. चावी मिळेल की नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. प्रॅक्टिकलमध्ये माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस आली आणि पुरती थांबायच्या आधीच दारात उभा असलेला मिलमधला एक काका ओरडला, "अरे भिया, गाडी तुझे पापाच चलवतायत! और सुन, सकाळी काकूंच्या दारात मालक आमच्या आधीच हजर. हातात पोह्याची बशी, तोंड एवढंसं. आणि काकू सगळ्यांसमोर म्हणतायत, खिसा दाखव!"